कायानीचा डॉक्टर आणि कचेरीची भाषा

फिनलंडचा राष्ट्रीय ग्रंथ कोणता, असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत आला तर आपल्यापैकी काहीजण तरी ‘कालेवाला’ हे उत्तर देतील. तो ग्रंथ सिद्ध करणाऱ्या एलियास ल्योनरोतचे नावही एखाद्याला ठाऊक असेल. परंतु हा माणूस पेशाने डॉक्टर होता, त्याने वीस वर्षे एका दरिद्री, बर्फाळ जिल्ह्यात साथीच्या रोगांशी व उपासमारीशी झुंज दिली, आणि महाकाव्य हातावेगळे झाल्यावरही उरलेले सारे आयुष्य शब्द वेचण्यात नि शब्द घडविण्यात घालविले, हे सहसा कोणी सांगत नाही. मला या लेखात महाकाव्याच्या संपादकापेक्षा हा दुसरा ल्योनरोत वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

त्याचे कारण थोडे घरगुती आहे. माझी थोरली बहीण लग्नानंतर फिनलंडमधील एस्पो या शहरी राहते. तेथील नागरिकत्वासाठी फिनिश किंवा स्वीडिश भाषेचे ज्ञान सिद्ध करावे लागते, आणि त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे एक सरकारमान्य भाषापरीक्षा. तिच्या सहा पायऱ्या असून ताईला त्यांतील तिसरी गाठावयाची आहे. मध्यम स्तराच्या लेखी भागात मित्राला लिहावयाचा मजकूर, एखाद्या विषयावरचे मत आणि एक औपचारिक ईमेल असे लेखन असते. ताई सरावासाठी लिहिलेले ईमेल मला धाडते, मराठी अर्थासह. इमारतीतील कपडे धुण्याचे सामाईक यंत्र बंद पडले आहे, व्यवस्थापकाला कळवा. दवाखान्यात ठरलेली वेळ बदलून मागा. अभ्यासवर्गाच्या शुल्काविषयी चौकशी करा, असले विषय. आरंभी ‘ह्यूवॅ वास्तानोत्ताया’, म्हणजे शब्दशः ‘भले प्राप्तकर्ते’. शेवटी ‘यूस्तॅवॅल्लिसिन तेर्वेइसिन’, म्हणजे ‘स्नेहपूर्वक नमस्कारांसह’. आणि मध्ये सरळ काम. आपल्या अर्जांतील सविनय सादर, कृपाभिलाषी, आपला आज्ञाधारक यांतले काही नाही. विनय असतो, पण तो क्रियापदात. ‘हवे आहे’ न म्हणता ‘हवे होते’ म्हणावे, ‘द्या’ न म्हणता ‘देऊ शकाल का’ म्हणावे, यासाठी त्या भाषेत क्रियापदाच्या पोटात एक छोटासा प्रत्यय बसतो, आणि परक्या माणसाला अनेकवचनाने संबोधितात. मराठी माणसाला हे फार परके वाटू नये. विभक्तीचे पंधरा प्रकार ऐकून ताई प्रथम घाबरली होती. परंतु ‘तालो’ म्हणजे घर, ‘तालोस्सा’ म्हणजे घरात, ‘तालोस्ता’ म्हणजे घरातून, हे कळल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. शब्दाच्या मागे प्रत्यय लावून काम भागविण्याची सवय आपल्या जिभेला जन्मापासूनच आहे.

ताईच्या वहीतील शब्दांचे मूळ शोधता शोधता मी ल्योनरोतपाशी येऊन पोहोचले. कचेरीला स्वतःच्या भाषेत साधे पत्र लिहिणे ही गोष्ट, जी आज परकी बाईसुद्धा परीक्षेसाठी गिरविते, ती दोनशे वर्षांपूर्वी खुद्द फिनिश शेतकऱ्याला जवळजवळ दुर्लभ होती.

ल्योनरोतचा जन्म ९ एप्रिल १८०२ रोजी दक्षिण फिनलंडमधील सामात्ती या खेड्यात झाला. बाप शिंपी, पोरे सात, जमीन नाममात्र. वाईट वर्षी पाइन झाडाच्या सालीचे पीठ धान्यात मिसळून भाकरी करीत, ती या घराने पुष्कळ खाल्ली. मुलाला वाचनाचे विलक्षण वेड. शेजारीण आपल्या मुलांना सकाळी उठविताना शिंप्याचा एलियास केव्हाच पुस्तक घेऊन झाडावर जाऊन बसल्याचे सांगे, अशी आठवण त्या गावात पुढे कित्येक वर्षे सांगत असत. प्रत्येक गावाला असा एक मुलगा असतो आणि प्रत्येक गावात अशी एक शेजारीण असते, तेव्हा ती खरी मानावयास हरकत नाही.

त्या काळी फिनलंड हा स्वीडनचा भाग होता. ल्योनरोत सात वर्षांचा असताना, १८०९ मध्ये, तो रशियाच्या झारकडे गेला. राजा बदलला, पण कचेरी बदलली नाही. कारभार, न्यायालये, विद्यापीठ, शाळा सारे स्वीडिशमध्येच चालत राहिले. बहुसंख्य प्रजा फिनिश बोलणारी. तिच्या भाषेत सोळाव्या शतकात मिकाएल आग्रिकोला या धर्मगुरूने पहिली अंकलिपी व १५४८ मध्ये नव्या कराराचे भाषांतर छापले होते, त्याला अडीचशे वर्षे होऊन गेली होती. पुढे धर्मग्रंथांची आणि काही कायद्यांची व फर्मानांची भाषांतरे झाली, एवढेच. देवळात देवाशी फिनिशमध्ये बोलता येई. न्यायाधीशापुढे शेतकरी आपले गाऱ्हाणे फिनिशमध्ये मांडी, पण त्याची नोंद व निकाल स्वीडिशमध्ये लिहिला जाई. आपल्याच जमिनीच्या खटल्याचा कागद हाती घेऊन तो वाचून दाखविणारा कोणी भेटतो का, हे पाहत फिरायचे. मोडी न येणारा कुळवाडी कुलकर्ण्याच्या तोंडाकडे पाहत बसे, त्याची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

शिंप्याच्या मुलाला शिकायचे म्हणजे आधी स्वीडिश शिकणे आले. तम्मिसारी, मग तुर्कू येथील शाळा. पैसे संपले की शिक्षण थांबे. आपल्याकडे गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, तसे तिकडचे विद्यार्थी दारोदार गाणी म्हणून धान्य गोळा करीत. ल्योनरोतनेही तेच केले. १८१८ मध्ये शाळा सोडून तो घरी आला आणि बापाबरोबर पुन्हा सुईदोरा हाती धरला. नंतर हॅमेनलिन्ना या गावी औषधालयात उमेदवारी केली. अखेर १८२२ मध्ये, विशीत, तो तुर्कूच्या विद्यापीठात दाखल झाला. त्याच वर्षी तेथे आणखी दोन तरुण आले: पुढे राष्ट्रकवी झालेला रूनेबेर्ग, जो स्वीडिशमध्ये लिहीत असे, आणि तत्त्वज्ञ व मुत्सद्दी स्नेलमान. एका वर्षाच्या हजेरीपटात एका देशाचे अर्धे शतक मावावे, असा योग क्वचित येतो.

फिनिश पुराणपुरुष वॅइनॅमोइनेन याच्यावर त्याने १८२७ मध्ये लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. त्याच सप्टेंबरात तुर्कू शहर आगीत भस्मसात झाले व प्रबंधाचा दुसरा भाग त्यात जळाला. विद्यापीठ हेलसिंकीला हलले. मधल्या काळात ल्योनरोत काठी, पिशवी व बासरी घेऊन, शेतकऱ्याचे कपडे घालून पूर्वेकडील खेड्यांत गाणी गोळा करावयास निघाला. १८२८ चा तो उन्हाळा. असे अकरा प्रवास त्याने पुढे केले. पायी, स्कीवर, होडीतून, घसरगाडीतून. १८३१ मध्ये हेलसिंकीत फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली, तिचा पहिला चिटणीस तोच. त्याच वर्षी पटकीची साथ आली, तेव्हा रुग्णसेवेला धावला तोही हाच. १८३२ मध्ये त्याने वैद्यकाची पदवी घेतली. प्रबंधाचा विषय फिनिश लोकांचे मंत्रतंत्राचे उपचार, भाषा मात्र स्वीडिश.

१८३३ मध्ये तो उत्तरेकडील कायानी या आडगावी जिल्हा-वैद्य म्हणून गेला. अफाट जिल्हा, एकटा डॉक्टर, आणि नुकताच पडलेला दुष्काळ. तापाच्या साथीत माणसे पटापट मरत होती. औषधाने फारसे होत नाही, यांना अन्न हवे, हे त्याने लगेच ओळखले. दगडफुलासारख्या शेवाळी वनस्पतीची भाकरी कशी करावी, नापिकीच्या वर्षी काय खावे, असल्या सूचनांची फिनिश पुस्तिका त्याने १८३४ मध्ये काढली. दारूबंदीसाठी एक मंडळही स्थापिले. त्याला सभासद फारसे मिळाले नाहीत आणि ते लवकरच बंद पडले. (महाविद्यालयात मंडळे काढणाऱ्या माझ्या मित्रांनी याची नोंद घ्यावी.)

याच कायानीत बसून त्याने ‘कालेवाला’ रचला. १८३४ च्या एप्रिलमध्ये सीमेपलीकडील लात्वायार्वी खेड्यात आर्हिप्पा पेर्त्तुनेन नावाचा पासष्टीच्या आसपासचा शेतकरी त्याला भेटला. तो सुमारे तीन दिवस गात होता व ल्योनरोत लिहीत होता. पुढच्या वर्षी, २८ फेब्रुवारी १८३५ ही तारीख घातलेली प्रस्तावना लिहून त्याने बत्तीस सर्गांचा ग्रंथ छापण्यास दिला. प्रती पाचशे काढल्या, त्या खपावयास जवळजवळ बारा वर्षे लागली. १८४९ मध्ये पन्नास सर्गांची आणि २२,७९५ ओळींची वाढीव आवृत्ती निघाली. आज वाचतात ती हीच. मधल्या काळात ‘कान्तेलेतार’ हा भावगीतांचा संग्रह आला. याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथेच थांबते.

माझ्या दृष्टीने खरी गोष्ट यापुढची. महाकाव्य मिळाल्याने फिनिश लोकांना आपल्याला भूतकाळ आहे हे कळले. पण भूतकाळाने अर्ज लिहिता येत नाही. लोहार, होडी, अस्वल, बर्फ, सासू, सून यांच्यासाठी खेडूत भाषेत शब्दांचे भांडार होते. रक्तवाहिनी, व्याकरण, पुराव्याची नोंद, लोकसभा यांच्यासाठी नव्हते किंवा होते ते तोकडे होते. ल्योनरोतला ही अडचण ग्रंथालयात नव्हे, तर रोग्याच्या उशाशी जाणवली. शेतकऱ्यांसाठी घरगुती वैद्यकाचे पुस्तक लिहिताना (ते १८३९ मध्ये निघाले) शरीराची नावे हवी होती. लॅटिन वा स्वीडिश शब्द तसेच ठेवणे सोपे होते. पण मग ते पुस्तक ज्याच्यासाठी लिहायचे त्याच्याच हातून निसटले असते.

त्याने वेगळी वाट धरली. लोकांच्या तोंडी असलेले मूळ घ्यावयाचे आणि त्याला भाषेचाच प्रत्यय जोडावयाचा. ‘लास्केआ’ म्हणजे उतरणे, खाली सोडणे. त्यापासून नीलेला ‘लास्किमो’. तिच्या जोडीला धमनीसाठी ‘वाल्तिमो’. ‘किर्या’ म्हणजे पुस्तक; त्यापासून साहित्यासाठी ‘किर्याल्लिसूस’. १८६० मध्ये फिनलंडच्या वनस्पतींवर त्याने ग्रंथ लिहिला, तेव्हा फुलातील स्त्रीकेसराला ‘एमो’ म्हणजे आई या शब्दावरून ‘एमि’ म्हटले आणि पुंकेसराला ‘हेदे’. आज तेथील शाळकरी मूल हे शब्द पाठ करते आणि ते कोणी केव्हा बनविले हे त्याच्या मनातही येत नाही. बनविलेल्या शब्दाची यापेक्षा मोठी कमाई ती काय? आपल्याकडे शासनव्यवहाराच्या परिभाषेची थट्टा करण्याची चाल आहे. पण ताईच्या वहीतले हे शब्द पाहिल्यापासून मी थट्टा करताना जरा थबकते. प्रत्येक रुळलेला शब्द एकेकाळी कोणाच्या तरी कानाला खटकलेला असतो.

हे काम करणारा तो एकटा नव्हता. युवॅस्क्यूलॅ येथील वोल्मार शिल्ट हा दुसरा डॉक्टर. विज्ञानासाठी ‘तिएदे’, कलेसाठी ‘ताइदे’, व्यक्तीसाठी ‘हेंकिल्यो’ हे शब्द त्याचे. त्यांपैकी शेवटचा ताईला रोज भेटतो, कारण तिकडच्या बहुतेक सरकारी फॉर्मवर जो ओळखक्रमांक भरावा लागतो त्याच्या नावाचा आरंभच या शब्दाने होतो. भाषा घडविण्यात डॉक्टर एवढे पुढे कसे, याचे उत्तर त्यांच्या कामात असावे. चुकीचा शब्द वापरला तर रोगी चुकीचे औषध घेईल, ही धास्ती वैयाकरणाला नसते.

दुसरा पेच बोलीभाषांचा. आग्रिकोलापासूनची लेखी फिनिश पश्चिमेच्या बोलीवर बेतलेली. गाण्यांची श्रीमंती पूर्वेकडे. कोणती प्रमाण मानावी यावर विद्वानांत हातघाईची वेळ आली होती. ल्योनरोतने पश्चिमेची चौकट ठेवली आणि पूर्वेचे शब्द व रूपे तिच्यात मोकळ्या हाताने आणून बसविली. दोन्ही पक्षांना थोडेथोडे असमाधानी ठेवणारी ही तडजोड टिकली. ‘मेहिलॅइनेन’, म्हणजे मधमाशी, या नावाचे फिनिश मासिक त्याने १८३६ मध्ये कायानीहूनच चालविले. इतिहास, लोकगीते, उपयुक्त माहिती असे सर्व त्यात असे. वर्गणीदार अपुरे पडले, मासिक थांबले, पुन्हा सुरू झाले आणि १८४० मध्ये कायमचे मिटले.

१८५० मध्ये तर सरकारने फर्मानच काढले की, फिनिशमध्ये धार्मिक उपदेश व शेतीव्यवसायाची उपयुक्त माहिती एवढेच छापावे. युरोपात क्रांतीचे वारे वाहून गेले होते, कादंबऱ्या व राजकारण शेतकऱ्याच्या हाती पडू नये ही झारच्या अधिकाऱ्यांची काळजी. फर्मान दहाएक वर्षांत निष्प्रभ झाले. मध्यंतरी, १८५३ मध्ये, ल्योनरोतला हेलसिंकी विद्यापीठात फिनिशचा प्राध्यापक नेमले. वयाची एकावन्न वर्षे झाली होती, कायानी सुटले.

१८६३ हे साल या कथेचा माथा. कायदेपंडित पाल्मेन याने सामान्य नागरिकांसाठी कायद्याचा एक मार्गदर्शक ग्रंथ स्वीडिशमध्ये लिहिला होता. त्याचे फिनिश भाषांतर त्या वर्षी प्रसिद्ध झाले, भाषांतरकार ल्योनरोत. एकसष्ट वर्षांचा डॉक्टर वारसा, करार, गहाण, साक्ष यांची भाषा लावीत बसला होता, हे चित्र मला ‘कालेवाला’च्या कोणत्याही सर्गाहून कमी वाटत नाही. आणि त्याच वर्षी, १ ऑगस्ट रोजी, झार दुसरा अलेक्झांडर याने हॅमेनलिन्ना येथे भाषेच्या फर्मानावर सही केली. ज्या गावी ल्योनरोतने औषधे कुटली होती तेच हे गाव. फर्मानामागे स्नेलमानची खटपट होती. फिनिश बोलणाऱ्या प्रजेशी थेट संबंध असलेल्या सर्व बाबतीत कचेऱ्यांत व न्यायालयांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान मिळावे, असे त्यात ठरले. अंमलबजावणीस मुदत दिली वीस वर्षांची, १८८३ अखेरपर्यंत. अधिकाऱ्यांना भाषा शिकावयास वेळ हवा होता, आणि भाषेलाही कचेरी शिकावयास वेळ हवा होता. आज त्याच देशात २००३ चा प्रशासनविषयक कायदा सरकारी कचेऱ्यांना नीटस, स्पष्ट व समजेल अशी भाषा वापरण्याचे बंधन घालतो. ताईच्या सरावाच्या ईमेलांत जो रोखठोकपणा दिसतो, त्याला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यालाही तसेच लिहिणे भाग आहे.

ल्योनरोत १८६२ मध्येच निवृत्त होऊन सामात्तीला परतला होता. त्या वीस वर्षांच्या मुदतीत त्याने काय केले, तर फिनिश-स्वीडिश शब्दकोश. १८६६ पासून तो भागाभागाने निघू लागला व १८८० मध्ये पुरा झाला. शब्दसंख्या दोन लाखांवर. या कोशाला दोष देणारेही आहेत व त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. लोकांच्या तोंडचा शब्द कोणता आणि ल्योनरोतने प्रत्यय लावून तयार केलेला कोणता, हे त्यात वेगळे कळत नाही. कित्येक शब्द कोशाबाहेर कधी कोणी उच्चारलेच नाहीत. संशोधकाला हे डोकेदुखीचे आहे. पण पेरणारा सारेच दाणे उगवतील या हिशेबाने पेरीत नसतो.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस छळीत होती. या माणसाच्या पत्रव्यवहारातील हजारो पत्रे जपून ठेवलेली आहेत. त्यांतील बहुसंख्य पत्रे स्वीडिशमध्ये आहेत. प्रवासाच्या रोजनिशाही स्वीडिशमध्ये. ज्याने दुसऱ्यांसाठी भाषा सिद्ध केली त्याने स्वतःची पत्रे परक्या भाषेत का लिहावीत? आता मला त्यात ढोंग दिसत नाही. शाळेने त्याच्या हाती लेखणी दिली ती स्वीडिशची. शिकलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाला लिहावयाचे ते त्याच भाषेत, हा त्या काळचा रिवाज. फिनिशमध्ये सहज पत्र लिहिणारी पिढी त्याच्या नंतर यावयाची होती, आणि तिचा शब्दसंग्रह तो जमवीत होता. आपल्याकडेही मराठीचा कैवार इंग्रजी पत्रांतून घेतलेला आढळतो. तेथे आपण फार कठोर होतो, असे मला वाटू लागले आहे.

घरचे सुख त्याला थोडे मिळाले. सत्तेचाळिसाव्या वर्षी, १८४९ मध्ये, त्याने मारिया पिपोनियसशी लग्न केले. पाच मुले झाली. थोरला मुलगा तान्हेपणीच गेला, पत्नी १८६८ मध्ये गेली, तो सारा देश दुष्काळाने होरपळत असतानाचा काळ. मग एकामागून एक तीन तरुण मुली गेल्या. इदा ही एकच मुलगी मागे राहिली. दुसऱ्यांच्या घरचे मृत्यू पाहण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याच्या म्हातारपणी स्वतःचे घर असे रिकामे झाले. कोशाचे काम मात्र थांबले नाही. सामात्तीत तो भजनांच्या नव्या पुस्तकासाठी जुनी भजने दुरुस्त करी, शेजारपाजाऱ्यांना औषध देई, बागेत खपे.

फर्मानाची मुदत १८८३ च्या अखेरीस संपली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १९ मार्च १८८४ रोजी, एलियास ल्योनरोत सामात्ती येथे वारला. तेथल्याच चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. अंत्यसमयी इदा जवळ होती की नव्हती याच्या चर्चेत न शिरता एवढेच सांगते, की शिंप्याच्या ज्या झोपडीत तो जन्मला, ती सामात्तीत आजही जतन करून ठेवली आहे. या उन्हाळ्यात, परीक्षा आटोपली की, ताई ती पाहावयास जाणार आहे.